वरून सोडलेलं पाणी

आग्नेसबाई त्रिभुवन यांचं फारसं कुणाशी पटत नसे, आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. पस्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. तिथं नवे डॉक्टर त्यांना वचकून असत आणि पेशंटचे नातेवाईक त्यांची चाहूल लागली की खाटेवरून उठून उभे राहत. नवरा गेल्यावर त्यांनी शहराच्या कडेला, बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसर म्हणतात त्या नव्या वस्तीत, 'मातृछाया' नावाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि एकट्या राहू लागल्या. त्या भागात तेव्हा शेतांचे प्लॉट पडत होते आणि प्लॉटांवर इमारती चढत होत्या. महापालिकेचं पाणी मात्र बायपास ओलांडून आलं नव्हतं. सगळी भिस्त बोअरवर.

आणि ते साल होतं २०१६. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. मातृछायाचा बोअर दिवाळीतच कोरडा पडला. मग सोळा बिऱ्हाडांनी मिळून टँकर लावला. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, खालच्या हौदात रिकामा व्हायचा, आणि रोज सकाळी अर्धा तास पंप चालायचा. तेवढ्यात भरून घ्यायचं, मग दिवसभर नळ कोरडे. पंपाची किल्ली सेक्रेटरीकडं.

सेक्रेटरी होते श्रीरंग देवगावकर. बँकेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहणारे, बोलताना चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांचं आणि आग्नेसबाईंचं पहिल्या वर्षापासून वाकडं. नाताळात बाईंनी गॅलरीत लावलेला कागदी तारा त्यांनी 'वायर कॉमन जागेतून गेली आहे' म्हणून उतरवायला लावला होता. बाईंनी महिन्याच्या आत त्यांचा जिन्याखालचा चपलांचा रॅक 'कॉमन जागेत आहे' म्हणून हटवायला लावला. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एकजण मुद्दाम नोटीस बोर्ड वाचायला लागे.

त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, फेब्रुवारीच्या दहा तारखेला आला. आग्नेसबाई सकाळी रिक्षानं चर्चला गेल्या, कपाळावर राखेचा क्रूस घेतला आणि नेहमीच्या बाकावर, डावीकडून तिसऱ्या, जाऊन बसल्या. फादर व्हॅलेरियन मूळचे वसईचे. त्यांचं मराठी बाईंना जरा हेलकावे खाणारं वाटे, पण प्रवचन ते थोडक्यात आटपत, म्हणून बाईंना चालत.

फादर म्हणाले, "उपवासानं पोट हलकं होतं, प्रार्थनेनं मन. पण या दोन्हीत तुम्ही आणि देव, दोघंच. दानधर्मात तिसरं माणूस येतं, म्हणून ते सगळ्यांत अवघड. यंदा दुष्काळ आहे. यंदा उरलंसुरलं देऊ नका. ज्याची तुमच्याच घरात टंचाई आहे, त्यातलं काढून द्या. तेवढंच तुमच्या आत्म्याच्या कामी येईल."

परतीच्या रिक्षात बाई विचार करत राहिल्या. टंचाई कशाची? पेन्शन वेळेवर येत होती. धान्य डब्यात होतं. टंचाई एकाच गोष्टीची होती.

घर आलं तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

देणार कुणाला, हेही शोधावं लागलं नाही. मातृछायाच्या कंपाउंडला लागून आणखी एका इमारतीचं काम चालू होतं, आणि भिंतीच्या पलीकडं, बरोबर बाईंच्या गॅलरीखाली, पत्र्याची एक खोली होती. तिच्यात रामकिसन आणि सरूबाई राहत. देवगाव रंगारीकडचे. गावात हाताला काम उरलं नाही म्हणून दिवाळीनंतर शहरात आलेले. तो साईटचा वॉचमन, ती तिथंच विटा वाहायची, आणि नऊ महिन्यांची मुलगी पत्र्याच्या सावलीत झोळीत टांगलेली असायची. साईटवर पाणी होतं, पण ते खदानीतून आणलेलं, हिरवट, सिमेंटवर मारायचं. तेच ती माणसं गाळून पीत होती. मुलीला आठ दिवसांपासून जुलाब होत होते. बाईंनी वरून नुसतं तिच्या रडण्याकडं कान देऊन ओळखलं होतं; रडणं बारीक होत चाललं होतं.

त्या दुपारी बाई खाली गेल्या. मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी हळूहळू खाली बसली.

"किती दिवस झाले?" बाईंनी दरडावून विचारलं.

"आठ-नऊ झाले असतील," सरूबाई म्हणाली. वयानं पंचविशीची असेल. बाईंच्या आवाजानं ती दोन पावलं मागं सरकली होती.

"आणि हे पाणी पाजतेस? लेकराला मारायचंय का?"

"दुसरं कुठून आणू बाई? तुमच्या गेटावर गेल्ते, हाकलून लावलं."

बाईंनी साखर-मीठ-पाणी करून दिलं, कसं पाजायचं ते दोनदा बजावलं, आणि म्हणाल्या, "रोज दोन कॅन पाणी देईन. पाच-पाच लिटरचे. प्यायला आणि लेकराच्या पेजेला. हात धुवायला नाही, समजलं?"

सरूबाईनं मान हलवली. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "बाई, मागल्या दारानं द्या. दिवस मावळायच्या येळी मी येत जाईन. कुणाच्या डोळ्यावर यायला नको."

कंपाउंडच्या मागच्या बाजूला, मीटरच्या खोलीजवळ, एक लोखंडी दार होतं. दहा-बारा दिवस तिथून पाणी गेलं. आग्नेसबाई अर्ध्या बादलीत अंघोळ उरकू लागल्या. कपडे आठवड्यातून एकदा. ताटलीत जेवण्याऐवजी त्या पोळीवरच भाजी घेऊन खात, म्हणजे ताटली धुवायला नको. मुलीचे जुलाब थांबले. सरूबाई कॅन घेताना काही बोलत नसे, बाईही बोलत नसत. ते दिवस बरे गेले. त्या दिवसांबद्दल बाईंना नंतरही लाज वाटली नाही.

मग एका संध्याकाळी मीटरच्या खोलीमागून देवगावकर पुढं आले.

"त्रिभुवनबाई, हे काय चाललंय?"

"दिसतंय की. पाणी देतेय."

"सोसायटीचं पाणी गेटाबाहेर न्यायचं नाही, जानेवारीत ठराव झालाय. तुमची सही आहे त्यावर."

"सोसायटीचं नाही, माझ्या वाट्याचं आहे. मी पिईन, सांडीन, नाहीतर देईन. तुमच्या बादलीतला एक थेंब घेतलेला नाही."

"आज ही एक बाई आली. उद्या अख्खी साईट येईल. मग गेटावर मारामाऱ्या. तेव्हा तुम्ही निस्तरणार का?"

सरूबाई एव्हाना कॅन तिथंच ठेवून निघून गेली होती. बाईंनी ते कॅन उचलले आणि तिच्या मागं निघाल्या. तेवढ्यात देवगावकर पाठीमागून, फार मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं म्हणाले, "आज पाणी, उद्या प्रार्थनेला चला. आम्हाला काय कळत नाही?"

आग्नेसबाई जागच्या जागी थांबल्या.

त्यांची आजी वैजापूरकडच्या एका खेड्यात राहायची. तिच्या काळी गावच्या विहिरीला हात लावायची तिला मुभा नव्हती. आजी विहिरीपासून लांब मडकं ठेवून बसायची, आणि कुणाला दया आली तर ते वरून तिच्या मडक्यात पाणी ओतत. कधी दुपार व्हायची. बाईंच्या वडिलांनी, पुंजारामांनी, ही गोष्ट त्यांना इतक्या वेळा सांगितली होती की ती आता त्यांचीच आठवण झाली होती. आणि हा माणूस त्यांना पाण्यावरून बोलत होता. पाण्यावरून!

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. उपवासाचा दिवस नव्हता, तरी.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप दिसलं. आग्नेसबाई बाजारात जाऊन सुतळीपेक्षा जाड, निळी नायलॉनची दोरी घेऊन आल्या. संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे बिल्डिंगमधली माणसं खाली शतपावलीला उतरतात आणि देवगावकर गेटाजवळ खुर्ची टाकून पेपर वाचतात त्या वेळेला, त्यांनी गॅलरीतून दोरीला बांधून कॅन खाली सोडला आणि हाक मारली, "सरूबाई, ये गं, पाणी घे!"

सरूबाई लगेच आली नाही. बाईंनी परत हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. तेव्हा ती खाली मान घालून आली आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, तिला बराच वेळ लागला. सगळे बघत होते.

"बाई," ती वर बघून कसंबसं म्हणाली, "नका हो असं."

"घाबरू नको. माझं पाणी आहे, मी देतेय. बघू कोण अडवतं!" हे बाई तिच्याशी बोलत होत्या, पण त्यांची नजर गेटाकडं होती. देवगावकरांनी पेपर खाली केला होता.

मग ते रोजचंच झालं. रोज सहाला निळी दोरी खाली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून साईटवरच्या आणखी चार बायका रिकामे कॅन घेऊन भिंतीशी उभ्या राहू लागल्या. बाईंजवळ तेवढं पाणी नव्हतं, पण त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. स्वतःचं आणखी कमी केलं. दुसऱ्या मजल्यावरची मृण्मयी, कॉलेजात शिकवणारी, जिन्यात भेटून म्हणाली, "काकू, तुमचं चांगलंच चाललंय, पण जरा गुपचूप करा ना. उगाच लोक भडकतात." बाई म्हणाल्या, "भडकू देत."

खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं. दुपारचे चार वाजले की त्यांच्या अंगात तरतरी यायची. आज तो काय बोलेल, आपण काय बोलू, हे त्या घोळवत बसायच्या. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट चालायची, येशूच्या यातनांच्या एकेका ठाण्यापाशी गुडघे टेकायचे, आणि गुडघे टेकून त्या मनात देवगावकरांना उत्तरं द्यायच्या. ती उत्तरं फार छान जमत होती. इतकं छान त्यांना आयुष्यात कधी बोलता आलं नव्हतं.

पाचव्या शुक्रवारी त्या चर्चमधून परतल्या, गॅलरीत गेल्या, दोरी हातात घेतली आणि खाली बघितलं, तर खोली नव्हती. पत्रे काढून भिंतीला उभे करून ठेवले होते. चुलीचे तीन दगड तेवढे राहिले होते.

साईटचा मुकादम सांडू सळया मोजत उभा होता. बाई धावत खाली गेल्या.

"सिस्टर, मेरेकू क्या पूछते?" सांडू हात झटकत म्हणाला. "तुमच्या सोसायटीचा अर्ज आला मालकाकडं. पंधरा सह्या. लेबर लोक त्रास देतात, भिंतीशी गर्दी करतात, पोलिसात जाऊ म्हणून. मालक म्हणले, कशाला कटकट, त्या वॉचमनला हटव. हटवलं."

"कुठं गेले ते?"

"करमाडकडं रस्त्याचं काम चालूय. तिकडं गेले म्हणतात."

शनिवारी संध्याकाळी फादर पापनिवेदनाला बसत. आग्नेसबाईंनी जाळीपलीकडं सगळं सांगितलं. खरं तर ते पाप सांगणं नव्हतंच, ती फिर्याद होती. देवगावकर काय म्हणाले, कुलूप कसं लावलं, पंधरा सह्या कशा गोळा केल्या. फादरांनी सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "तुमचं पाप कुठलं?"

"माझं? मी राग केला. त्या माणसाचा द्वेष केला. पण फादर, मी दान करत होते. माझ्या तोंडचं काढून देत होते."

"ती बाई काय म्हणाली होती? पाणी कसं द्या म्हणाली होती?"



"मागच्या दारानं," त्या शेवटी म्हणाल्या.

"आणि तुम्ही गॅलरीतून दोरी सोडलीत. आग्नेसबाई, घेणाऱ्याकडं बघून देतात, ते दान. तुम्ही पाणी सोडताना कुणाकडं बघत होता?"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे त्यानं लेकराला उघड्यावर काढलं ते काहीच नाही, आणि मीच गुन्हेगार?"

"त्याचा हिशेब तो देईल. तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसलेला नाही. तुम्ही बसलाय." फादरांचा आवाजही आता कडक झाला होता. "त्या बाईला शोधा. तिला काय हवंय ते विचारा. तुम्हाला काय द्यायचंय ते नाही, तिला काय हवंय ते. हेच तुमचं प्रायश्चित्त."

आग्नेसबाई मेणबत्ती न लावता चर्चबाहेर पडल्या. ह्या माणसापुढं परत गुडघे टेकायचे नाहीत, असं त्यांनी रिक्षास्टँडपर्यंत तीनदा ठरवलं. पण सोमवारी सकाळी त्या जालना रोडनं जाणाऱ्या जीपमध्ये बसून करमाडला उतरल्या. पिशवीत ज्वारी, दूध पावडर आणि पाण्याच्या चार बाटल्या होत्या.

रस्त्याच्या कामावर विचारत विचारत त्या एका पुलाशी पोचल्या. नदीच्या नावाखाली तिथं नुसती वाळू होती. पुलाच्या सावलीत लुगड्याचं पाल बांधून सरूबाई राहत होती. मुलगी तिच्या मांडीवर होती, आणि बाईंनी लांबूनच ओळखलं, पुन्हा तेच सुरू झालंय. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले.

सरूबाईनं त्यांना बघितलं आणि उठली नाही.

"आता इथं कशाला आल्या?"

"लेकराला बघायला. हे घे, ज्वारी आहे, दूध पावडर…"

"ठेवा तुमचं तुमच्यापाशी." सरूबाईनं पिशवी हातानं लोटली. बाटली घरंगळत वाळूत गेली. "मी काय सांगितलं व्हतं तुम्हाला? मागल्या दारानं द्या म्हणलं व्हतं का नाय? व्हय का नाय, बोला ना!"

"म्हणाली होतीस."

"मंग? रोज सांच्याला मला वरून हाका मारायच्या, सगळ्या बिल्डिंगसमोर. मी खाली हात पसरून उभी आन् तुम्ही वरून सोडायच्या, जशी मी भिकारीण. तुमचं त्या म्हाताऱ्याशी भांडण. त्याच्यात माझी खोली गेली. डोक्यावर पत्रा व्हता, नवऱ्याला पगार व्हता, ते बी गेलं. तुमचं काय गेलं?"

आग्नेसबाई वाळूत उभ्या होत्या. ऊन डोक्यावर होतं. वरून सोडायच्या, हा शब्द त्यांना कुठंतरी लागला, आणि कुठं लागला ते कळायला वेळ लागला नाही. आजी मडकं ठेवून खाली बसायची. वर कोण असायचं, ह्याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. वर उभं राहणाऱ्यालाही आपण पुण्य करतोय असंच वाटत असणार.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच खरखरीत निघाला, त्यांना दुसरा येत नव्हता.

"मला जागा पायजे माझी. सांडू मुकादम म्हणतो, सोसायटीनं अर्ज मागं घेतला तर मालक परत ठेवून घेईल. घ्यायला लावा मागं. नायतर जावा, तोंड दाखवू नका."

बाईंनी निघण्याआधी मुलीला साखर-मीठ-पाणी पाजलं. तेवढं सरूबाईनं करू दिलं. पिशवी मात्र तिथंच पडून राहिली, तिनं तिच्याकडं बघितलंही नाही.

मंगळवारी सकाळी पंप बंद झाल्यावर आग्नेसबाईंनी देवगावकरांचं दार वाजवलं. सहा वर्षांत त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. दार उघडताच फिनेलच्या वासाखालून दुसरा वास आला, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी तो ओळखला. आतल्या खोलीत खाटेवर देवगावकरांच्या पत्नी, अंबिकाबाई, पडून होत्या. त्यांना अर्धांगवायू झाल्याचं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं; पण त्यांना पाठीला जखमा झाल्यात हे कुणाला माहीत नसावं. खाटेशेजारी ओल्या चादरींनी भरलेल्या दोन बादल्या होत्या.

देवगावकरांनी बाईंची नजर कुठं गेली ते बघितलं आणि आतलं दार ओढून घेतलं.

"दिवसाला तीन चादरी निघतात," ते तुटकपणे म्हणाले. "त्या धुवायला पाणी लागतं. तुम्हाला वाटत असेल हा म्हातारा पाण्यावर नाग होऊन बसलाय. बसलोय."

"दर दोन तासांनी कुशीवर वळवा त्यांना," बाई म्हणाल्या. "एकाच अंगावर ठेवू नका."

"तुम्ही शिकवायला आलात का? काय काम आहे?"

बाईंनी काम सांगितलं. अर्ज मागं घ्या. पाणी पुन्हा बाहेर जाणार नाही, माझ्याकडून.

देवगावकर हसले नाहीत. हसले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "लेखी माफी पाहिजे. रविवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही स्वतः वाचायची. ठराव मोडला, सोसायटीची बदनामी केली, असं स्पष्ट. मग अर्ज मागं घेतो."

"आणि तुम्ही मला जे बोललात त्याचं? प्रार्थनेला चला वगैरे?"

"मी काही बोललेलो नाही."

बाईंच्या जिभेवर ती सगळी उत्तरं आली, क्रुसाच्या वाटेवर जुळवलेली, एकाहून एक धारदार. त्यांतलं एक जरी सोडलं असतं तरी ह्या माणसाला महिनाभर झोप लागली नसती. मग त्यांच्या डोळ्यांपुढं वाळूत घरंगळलेली बाटली आली.

"लिहून द्या काय वाचायचं ते," त्या म्हणाल्या.

रविवार झावळ्यांचा होता, ईस्टरच्या आधीचा. सकाळी हातात झावळी घेऊन त्या मिरवणुकीत चालल्या आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये पंधरा बिऱ्हाडांसमोर उभ्या राहून माफीनामा वाचला. मृण्मयी खाली बघत होती. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. 'बदनामी' ह्या शब्दावर बाईंची जीभ अडखळली, तेव्हा देवगावकर म्हणाले, "जरा मोठ्यानं, मागं ऐकू येत नाही." त्यांनी ती ओळ मोठ्यानं, पहिल्यापासून वाचली. घरी येऊन त्यांनी दार लावलं. क्षमा केल्यासारखं वाटत नव्हतं. हलकंही वाटत नव्हतं. सणसणीत अपमान झाला होता, आणि तो तसाच होता.

बुधवारी गॅलरीखाली पुन्हा पत्रे ठोकल्याचा आवाज आला.

राहिला प्रश्न पाण्याचा. मातृछायातून आता थेंब जाणार नव्हता. शब्द दिला होता. आणि बाईंच्या हातचं सरूबाई घेणार नव्हती. आग्नेसबाईंनी बायपासवरच्या जारवाल्याला गाठलं. रोज एक वीस लिटरचा थंड पाण्याचा जार साईटवर सांडूकडं टाकायचा. नाव कुणाचं सांगायचं नाही. सांडूलाही दम भरला, "मालकानं लेबरसाठी सुरू केलंय म्हणून सांग. माझं नाव घेतलंस तर बघ."

सांडूनं डोकं खाजवलं. "सिस्टर, यामें तुमको क्या मिलता?"

"तुला काय करायचंय?"

पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारी बाई चर्चमधल्या रात्रीच्या मिस्सेसाठी साडी इस्त्री करत होत्या. खाली सरूबाई शेजारच्या बाईशी बोलत होती, आणि तिचा आवाज सरळ वर येत होता.

"हा सांडू मुकादम लई चांगला माणूस हाय बघ. मालकाच्या मागं लागून त्यानं पाणी चालू केलं. देव त्याचं भलं करो. नायतर ती वरची बाई! पाणी द्यायची आन् गावभर दवंडी पिटायची. तिच्यापायी पुलाखाली दिवस काढले आम्ही."

आग्नेसबाईंनी इस्त्री घाईत साडीच्या कडेलाच टेकवली आणि त्या गॅलरीच्या दारात आल्या. कठड्यावरून वाकून एक वाक्य म्हणायचं होतं. एकच. जार कुणाचा आहे ते सांडूला विचार.  एवढं करून, एवढं ऐकून घेऊन, पुण्य त्या सळया मोजणाऱ्याच्या खात्यात! खाली मुलगी हसत होती. कुणीतरी तिच्या तोंडावर पाणी शिंपडत होतं. पिण्याचं पाणी, आणि ही खेळ करतेय त्याचा.

त्या तिथं किती वेळ उभ्या होत्या त्यांनाही सांगता आलं नसतं. मग साडीचा जळका वास आला आणि त्या आत धावल्या. पदराला रुपयाएवढं भोक पडलं होतं. तीच साडी नेसून, भोक आत दुमडून, त्या चर्चला गेल्या.

मिस्सा संपल्यावर फादर व्हॅलेरियन दारात सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा देत होते. बाईंचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "भेटली का ती बाई?"

"भेटली."

"काय म्हणाली? पुढं काय झालं?"

बाई सांगणार होत्या. जार, माफीनामा, सगळं. फादरांनी पाठ थोपटली असती, आणि महिनाभर भुकेलं असलेलं काहीतरी आत शांत झालं असतं. त्यांनी हात सोडवून घेतला.

"शिव्या घालते मला," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

उपवासकाळ संपला, पण दुष्काळ ईस्टर पाळत नव्हता. एप्रिल गेला, मे गेला, जार चालू राहिला. देवगावकरांनी गेटाजवळ खुर्ची टाकणं चालू ठेवलं, आणि बाई समोर आल्या की ते नोटीस बोर्ड वाचत; बोर्डावर बाईंचा माफीनामा अजून टाचलेला होता. सरूबाई वर बघत नसे. एकदा गेटाबाहेर दोघी समोरासमोर आल्या तर ती लेकराला दुसऱ्या काखेत घेऊन बाजूनं निघून गेली. लेकरू मात्र धष्टपुष्ट झालं होतं, त्याचं वजन तिला पेलवत नव्हतं. बाईंनी अंदाज केला, आठ किलो तरी असेल.

जूनच्या सुरुवातीला रामकिसननं गावाकडं जायचं ठरवलं. पेरणीच्या दिवसांत तिकडं मजुरी मिळेल म्हणाला. सकाळी टेम्पो आला, त्यात गाठोडी चढली. सरूबाईनं साईटवरच्या बायकांचा निरोप घेतला, सांडूच्या पाया पडली. सांडू ओशाळून एकदम मागं सरला आणि नजर चोरून पहिल्या मजल्याकडं बघू लागला. बाईंनी वरूनच त्याच्यावर डोळे वटारले. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला.

मग त्यांनी जारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मग उद्यापासून बंद करू ना, सिस्टर?"

"बंद कशाला?" बाई खेकसल्या. "नवा वॉचमन येतोय उद्या. टाकत जा."